लेस्टरहून एका दिवसात: लिंकनचे कॅथेड्रल आणि टॅटरशॉलची विटांची गढी

प्रश्न असा आला आहे: लेस्टरला राहणाऱ्या एका ताईंकडे पुण्याहून आई-बाबा आलेत. दोघेही सत्तरी ओलांडलेले, बाबांचा एक गुडघा दुखरा, आणि सोबत नऊ वर्षांची नात. लंडन बघून झाले. आता स्वतःच्या गाडीने एका दिवसात एक जुने कॅथेड्रल आणि गावाकडचा एखादा किल्ला बघून रात्री जेवायला घरी यायचे आहे. कुठे जावे आणि दिवस कसा लावावा?

ताई, सरळ सांगतो. लिंकनचे कॅथेड्रल सकाळी आणि टॅटरशॉल कॅसल दुपारी. तिसरे काही जोडू नका. मी गेली बावीस वर्षे याच भागात जुन्या दगडी-विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-वडील माझ्या गाडीत असतात. माझे स्वतःचे आई-वडील पहिल्यांदा आले तेव्हा मी एका दिवसात चार ठिकाणे दाखवली होती. रात्री वडिलांना विचारले, काय आवडले? ते म्हणाले, वाटेतली पिवळीधमक शेते. त्यांना बाकी काही नीट बघू दिले नव्हते, हे तेव्हा कळले. तेव्हापासून दोनच ठिकाणे, आणि दोन्हीकडे बसायला भरपूर वेळ.

अंतराचा अंदाज असा: लेस्टर ते लिंकन पन्नासेक मैल, लिंकन ते टॅटरशॉल वीसेक, आणि तिथून घर साधारण पासष्ट ते सत्तर. दिवसभरात गाडी चार तास चालते. सकाळी साडेसातला निघा.

जायचा रस्ता ए-४६. बाबांना गाडीत बसल्या बसल्या सांगा की आपण रोमन रस्त्यावर आहोत. एक्झिटरहून लिंकनपर्यंत जाणारा 'फॉस वे' रोमनांनी आखला, आणि लेस्टर-न्यूअर्क-लिंकन हा आजचा रस्ता बराचसा त्याच रेषेवर आहे. म्हणून तो इतका सरळसोट. लिंकन जवळ आले की सपाट शेतांच्या पलीकडे टेकडीवर तीन मनोरे दिसायला लागतात. तिथे आईंना समोरच्या सीटवर बसवलेले असावे. एवढ्या लांबून इमारत दिसणे हा तिचा मूळ हेतूच होता.

गाडी लावण्याबद्दल एकच गोष्ट पक्की धरा: वरच्या गावात, कॅसलच्या मागे असलेल्या पार्किंगमध्येच लावा. खालच्या बाजारात लावलीत तर वर यायला 'स्टीप हिल' चढावी लागते. साधारण सातास एक असा तो चढ आहे, खाली गोटे बसवलेले, पावसात निसरडे. रस्ता फार देखणा आहे, बाराव्या शतकातले दगडी घर आहे त्यावर, पण बाबांच्या गुडघ्याचे तिथेच वाटोळे होईल. तुम्ही आणि नात पंधरा मिनिटे उतरून बघून या. आजी-आजोबांना वर बाकावर उन्हात बसू द्या.

आता कॅथेड्रल. आत जाण्याआधी दोन गोष्टी घरातल्या माणसांना सांगाव्यात. एक म्हणजे कॅथेड्रल म्हणजे फक्त मोठे चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. आई-बाबांनी जुन्या गोव्यातले 'से कॅथेड्रल' बघितले असेलच. त्यातला 'से' हा शब्द पोर्तुगीजमध्ये आसनालाच म्हणतात. त्या कॅथेड्रलचा एक बुरूज १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही, म्हणून ते आजही एका बाजूने बोडके दिसते. लिंकनचेही तसेच काहीसे झाले आहे. मधल्या मनोऱ्यावर १३११ च्या सुमारास शिसे मढवलेला लाकडी कळस उभा राहिला. परंपरेने त्याची उंची ५२५ फूट सांगतात, म्हणजे त्या काळातली जगातली सर्वांत उंच मानवी बांधणी. १५४८ मध्ये तो वादळात पडला. पुढच्या दोन मनोऱ्यांवरचे कळस १८०७ मध्ये उतरवले. आज जे दिसते ते कळस गमावलेले रूप, आणि तरीही मधला मनोरा २७० फुटांच्या वर आहे.

दुसरी गोष्ट: ही शैली पुण्या-मुंबईच्या माणसाला परकी नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रोज बघणारा माणूस टोकदार कमानी, बरगड्यांची छते, कोपऱ्यातून डोकावणारे दगडी प्राणी हे सगळे ओळखतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ते स्थानक १८७८ पासून पुढच्या दहा वर्षांत बांधले, ते मध्ययुगीन गॉथिकवरूनच उचलून, त्यात हिंदुस्थानी कारागिरी मिसळून. लिंकनला आई-बाबा त्या शैलीचे माहेर बघणार आहेत. हे आधी सांगितले की नजर लगेच सरावते.

पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीसमोर उभे राहा आणि नातीला एक काम द्या: गोल कमानी कुठे आणि टोकदार कुठे, हे शोधायचे. मधल्या खोल कोनाड्यांत गोल कमानी आहेत. त्या नॉर्मन काळातल्या. बिशप रेमिजियसने इथे बांधकाम सुरू केले आणि १०९२ मध्ये चर्चचे समर्पण झाले, त्या पहिल्या इमारतीचा हा उरलेला भाग. ११८५ मध्ये भूकंप झाला आणि मागचे बहुतेक सगळे गेले. मग बिशप ह्यू आला. त्याने ११९२ पासून नवे बांधायला घेतले, आणि पुढच्या पिढ्यांनी जुन्या भिंतीभोवती टोकदार कमानींची नवी भिंत गुंडाळली. आपल्याकडे जुन्या वाड्याची देवडी तशीच ठेवून मागे नवे घर बांधतात ना, तसे. एका भिंतीवर दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत आणि जोड लपवायचा कोणी प्रयत्नही केलेला नाही.

टोकदार कमान का आली, हे बाबा नक्की विचारतील. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीने बांधलेली असते: रुंदी वीस फूट, तर उंची दहा. रुंदी वेगवेगळी असली की माथे एका पातळीत येत नाहीत आणि छत जुळवताना गवंड्याचे हाल होतात. टोकदार कमान हवी तेवढी उंच ओढता येते, आणि तिचा भार बाहेर कमी ढकलतो, खाली जास्त उतरतो. भिंत पातळ करता येते, खिडकी मोठी करता येते. उरलेला बाहेरचा धक्का थोपवायला बाहेरून दगडी टेकू देतात.

आत गेल्यावर बूट काढायचे नसतात. आईंना ते चमत्कारिक वाटेल, हे आधी सांगून ठेवा. पुरुषांनी टोपी काढायची एवढेच. हात जोडले तर कोणी काही म्हणत नाही. माझी आई दर वेळी जोडते. जूनमध्येही आत गारठा असतो, म्हणून शाल हातात असू द्या.

मधल्या दालनातून पुढे गेल्यावर 'सेंट ह्यूज क्वायर' लागते (क्वायर म्हणजे चर्चमधला धर्मगुरू आणि गायकांच्या बसण्याचा भाग), आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या दिवसातली सर्वांत मोलाची जागा तीच. मान वर करून बघत बसू नका. वयस्क माणसांना चक्कर येते. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून फोन तळहातावर आडवा धरा आणि छत त्यात बघा. छताच्या बरगड्या समोरासमोर मिळत नाहीत हे लक्षात येईल. डावीकडून आलेली बरगडी मधल्या कण्याला एका जागी भेटते, उजवीकडून आलेली थोडे पुढे. सगळे छत तिरके, वाकडे चालल्यासारखे वाटते. इथे याला 'लिंकनची वेडी छते' म्हणतात. काहींना ती चूक वाटते. मी तीस-पस्तीस वेळा त्याखाली उभा राहिलो आहे आणि मला ती चूक वाटत नाही. बरगडी भार वाहून नेण्यासाठी असते, पण इथे कोणीतरी प्रथमच ओळखले की तिने नक्षीही काढता येते. त्यानंतर इंग्लंडच्या छतांमध्ये बरगड्यांची जी जाळी-फुले उमलली, त्यांचा उगम इथे आहे. हेही खरे की याच कारागिरांच्या पिढीने उभारलेला मधला मनोरा १२३७ च्या सुमारास कोसळला. धाडस आणि अंदाज दोन्ही ते बांधता बांधता शिकत होते.

एक बारीक वस्तू जवळून दाखवतो. फिकट पिवळसर खांबांना चिकटून काळपट, गुळगुळीत, बारीक खांब उभे आहेत. तो 'पर्बेक मार्बल', दक्षिणेतल्या डॉर्सेटहून आणलेला. नाव मार्बल असले तरी तो संगमरवर नाही. घासून चकाकी येणारा चुनखडक आहे. मोबाइलचा दिवा तिरका पाडून एखाद्या खांबाकडे वीतभर अंतरावरून बघा. आत गोगलगायींचे छोटे छोटे शंख दाटीने बसलेले दिसतील, गोड्या पाण्यातल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या. आपल्या काळ्या पाषाणात असे काही कधी सापडत नाही. तो लाव्हारसाचा. एका मुलीला मी हे दाखवले, तर ती पुढचा तासभर खांबच बघत हिंडली. मुख्य पिवळसर दगड मात्र इथलाच, लिंकनचा चुनखडक. तो मऊ, कोरायला सोपा, आणि म्हणूनच झिजतोही. कॅथेड्रलकडे आजही स्वतःचे पाथरवट, सुतार आणि काचकाम करणारे आहेत. कुठे ना कुठे परांची लागलेलीच असते. ती दिसली तर हिरमुसू नका. आठशे वर्षांची इमारत उभी आहे ती त्या परांचीमुळे.

सर्वांत मागे, पूर्वेला, 'एंजल क्वायर'. १२५६ ते १२८० मधले काम. सकाळी आलात तर मोठ्या पूर्व खिडकीतून ऊन थेट आत येते, म्हणून मी कॅथेड्रल सकाळीच बघायला सांगतो. वरच्या कमानींच्या खाचांत पंख पसरलेले देवदूत कोरले आहेत. त्यांच्यातच एका खांबावर पाय दुमडून बसलेला छोटा सैतान आहे, 'लिंकन इम्प'. गोष्ट अशी की तो धुडगूस घालत होता, एका देवदूताने त्याला जागच्या जागी दगड केले. नातीला शोधू द्या, लगेच दाखवू नका. दक्षिणेकडची गोल खिडकी, 'बिशप्स आय', पाने पसरल्यासारख्या दगडी जाळीची आहे. तिच्यात फुटलेल्या जुन्या काचांचे तुकडे एकत्र बसवले आहेत, चित्र कसलेच नाही, नुसते रंग. समोरची 'डीन्स आय' तिच्याहून शंभर वर्षांनी जुनी. समोरासमोरच्या त्या दोन खिडक्यांच्या मध्ये बाक आहे. आई-बाबांना तिथे वीस मिनिटे बसू द्या आणि काही बोलू नका.

'चॅप्टर हाउस', म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरूंची सभा भरायची ती खोली, चुकवू नका. दहा कोनांची खोली, मध्ये एकच खांब, आणि त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या बरगड्या सगळीकडे पसरलेल्या. पहिल्या एडवर्डने १३०१ मध्ये लिंकनला पार्लमेंट भरवले, ते इथे बसले होते.

घरात कोणी सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एक सांगा: ज्याच्या बीजगणितावर सगळी संगणकविद्या उभी आहे तो जॉर्ज बूल १८१५ मध्ये याच गावात जन्मला. त्याची बायको मेरी ही भारताचा सर्व्हे करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी.

चर्चला तिकीट आहे. रविवारी प्रार्थनांमुळे सगळीकडे फिरता येत नाही, म्हणून शनिवार किंवा मधला वार धरा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघा.

आता तुम्ही म्हणाल, कॅथेड्रलच्या समोरच तर लिंकन कॅसल आहे, मग वीस मैल कशाला जायचे? तो किल्ला महत्त्वाचा आहे, नाही म्हणत नाही. विजेत्या विल्यमने १०६८ मध्ये तो उभारला, आणि तिथल्या तळघरात १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, जगात उरलेल्या चार प्रतींपैकी एक ठेवली आहे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर तेवढी बघून या, तासभर पुरे. पण आत व्हिक्टोरियन तुरुंग आहे, सहलींची गर्दी असते, आणि तुम्हाला हवा आहे गावाकडचा. तो टॅटरशॉल.

वाट बार्डनी आणि वुडहॉल स्पावरून जाते. लिंकनची टेकडी उतरली की जमीन परातीसारखी सपाट होते. दलदल आटवून केलेली ही शेते, बटाटा आणि बीट यांची. रस्ते चर खणून त्यांच्या काठाने नेलेले आहेत आणि खालची माती खचत असल्याने डांबर लाटांसारखे वरखाली होते. पाटीवर साठची मुभा असली तरी चाळीसने चला. मागच्या सीटवर बाबा आहेत. पानगळीच्या दिवसांत ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल ओला झाला की साबणासारखा होतो. जेवण बाहेर करू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि थर्मासमध्ये चहा घेऊन टॅटरशॉलच्या खंदकाकाठी हिरवळीवर बसा.

आणि तिथे पोहोचण्याआधी आई-बाबांच्या मनातला 'किल्ला' शब्द काढून टाका. आपल्याला किल्ला म्हटले की राजगड, तोरणा दिसतो: डोंगर, तट, माची, दारूगोळा. त्या अपेक्षेने आलेला माणूस इथे निराश होतो. ही गढी आहे. मोठ्या सरदाराचे राहते घर, भोवती पाण्याचे दुहेरी खंदक आणि मध्ये सव्वाशे फुटांच्या वर गेलेला लाल विटांचा एकच मनोरा. खालपासून केवढ्या मोठ्या खिडक्या आहेत बघा. ज्याला वेढ्याची भीती असते तो अशा खिडक्या ठेवत नाही. वरचे टेहळणीचे सज्जे आहेत ते रुबाबासाठी.

इथे १२३१ पासून दगडी कॅसल होता. मनोरा बांधला राल्फ, लॉर्ड क्रॉमवेल याने, १४३० च्या दशकात सुरू करून. पुढच्या काळातला ऑलिव्हर क्रॉमवेल तो हा नव्हे. हा सहाव्या हेन्रीचा खजिनदार, १४३३ ते १४४३. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचे घर म्हणजे दगडाचे. क्रॉमवेलने वीट निवडली ती स्वस्त म्हणून नाही, समुद्रापलीकडून आलेली नवी आणि मानाची वस्तू म्हणून. पुणेकरांना इथे शनिवारवाडा आठवेल, तट खाली दगडाचा आणि वर विटांचा. विटांना हात लावून बघा. हाताने थापलेल्या, एकीसारखी दुसरी नाही, भट्टीत कुठे बसली होती त्याप्रमाणे प्रत्येकीचा रंग वेगळा. मधले सांधे चुन्याचे. दुपारनंतरचे ऊन तिरके आले की मनोरा निखाऱ्यासारखा दिसतो. म्हणून ही जागा दुपारी.

आतला चक्री जिना सुमारे दीडशे पायऱ्यांचा आहे, लिफ्ट नाही. पण तो इतर गढ्यांच्या जिन्यांपेक्षा रुंद, आणि त्याचा कठडा भिंतीतच कोरलेला आहे. दगडात एक अखंड खोबण, गोल फिरत वर जाणारी, बोटे बरोबर आत बसतील अशी. पाचशेहून अधिक वर्षांच्या तळहातांनी ती लोण्यासारखी गुळगुळीत झाली आहे. माझ्या आईने तिच्यात हात घातला आणि म्हणाली, 'अरे, ह्या माणसाने म्हाताऱ्यांचा विचार केलाय.' बाबांनी एकेक मजला चढावा, प्रत्येक मजल्यावर मोठे दालन आहे, तिथे टेकावे. सगळे चढलेच पाहिजे असे नाही. पहिल्या दोन मजल्यांतच मुख्य ऐवज आहे.

तो ऐवज म्हणजे कोरीव दगडी फायरप्लेस. त्यांवर खजिनदाराची थैली पुन्हा पुन्हा कोरलेली आहे, शेजारी 'ने ज द्र्वा' हे त्याचे जुन्या फ्रेंचमधले ब्रीद: मला हक्क नाही का? याच फायरप्लेसमुळे आपला धागा इथे येऊन जुळतो. १९१० मध्ये गढी विकायला निघाली, फायरप्लेस एका अमेरिकन खरेदीदाराला विकल्या गेल्या, भिंतीतून उचकटून पेटाऱ्यांत भरल्या. शेवटच्या घडीला गढी विकत घेतली ती लॉर्ड कर्झनने. तोच, १९०५ ला बंगालची फाळणी करणारा. त्याने फायरप्लेसचा देशभर शोध लावला, त्या लंडनमध्ये सापडल्या आणि परत आणून जागी बसवल्या. १९११ ते १९१४ त्याने दुरुस्ती केली, बुजलेले खंदक पुन्हा खणले, आणि १९२५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर गढी नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेली. भारतात असताना त्याने १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणला होता. टॅटरशॉलच्या अनुभवानंतर ब्रिटनमध्येही कडक कायदा व्हावा म्हणून तो झटला आणि तो कायदा १९१३ मध्ये झाला. म्हणजे जुन्या वास्तू वाचवण्याची ही सवय त्याने हिंदुस्थानातून इथे आणली. माझे वडील टिळकांच्या गोष्टींवर वाढलेले. त्यांना हे ऐकून बराच वेळ काही बोलवेना. मग म्हणाले, काम चांगले केले, पण बंगालचे विसरणार नाही. मला त्यांचे दोन्ही पटते, आणि दुरुस्तीचे काम करताना या माणसाच्या चोख नोंदी आणि जुन्याला धक्का न लावण्याची पद्धत मला शिकण्यासारखी वाटते.

ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवर जा. दुर्बीण न्या. हवा स्वच्छ असेल तर आग्नेयेला बॉस्टनच्या चर्चचा उंच मनोरा आणि वायव्येला सकाळी पाहिलेले लिंकनचे मनोरे दिसतात. शेजारीच कॉनिंग्स्बीचा हवाई तळ आहे, लढाऊ विमान अचानक डोक्यावरून जाते. नातीला आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाही. पायथ्याचे चर्चही क्रॉमवेलनेच योजलेले, पाच मिनिटे आत डोकवा. हिवाळ्यात गढी लवकर बंद होते किंवा उघडतच नाही, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर बरे, आणि वेळ इथलीही आधी बघा. नॅशनल ट्रस्टचे सदस्यत्व असेल तर तिकीट लागत नाही.

परतताना ए-१५३ ने स्लीफर्ड, तिथून ए-१७ ने न्यूअर्क आणि मग सकाळचाच ए-४६. पण स्लीफर्डकडे वळण्याआधी उलट दिशेला मैलभर कॉनिंग्स्बी गावात जा. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर भले मोठे घड्याळ आहे आणि त्याला एकच काटा आहे. गाडी कडेला घ्या आणि नातीला विचारा, किती वाजले.